शिवेचा दगड आणि नकाशाची रेघ



मुंबईहून जुन्या रस्त्यानें पुण्याकडे जातांना खालापूर मागें पडलें कीं खोपोलीच्या तोंडाशीं शिळफाटा लागतो. फाटा हा शब्द मोठा प्रामाणिक आहे. जेथें वाट फाटते तो फाटा. तो ओळखण्यास नकाशा लागत नाहीं, पंच लागत नाहींत, न्यायाधीशहि लागत नाहीं; दोन वाटा डोळ्यांना दिसतात आणि प्रवासी आपली वाट धरतो. परंतु याच फाट्यावरून पुढें जाऊन बोरघाट चढूं लागलें म्हणजे एक जागा अशी येते कीं, तेथें रायगड जिल्हा संपतो व पुणें जिल्हा सुरू होतो. तेथें माती तीच, कातळ तोच, करवंदीच्या जाळ्याहि त्याच. एक पाऊल इकडे आणि एक तिकडे ठेवून उभें राहिलें तरी दोन्ही पायांना निराळें असें कांहीं जाणवत नाहीं. तथापि त्या ठिकाणीं दरड कोसळली, अपघात झाला किंवा कोणी झाड तोडलें, तर कोणत्या ठाण्याच्या अंमलदारानें धांवून यावयाचें हें त्या न दिसणाऱ्या जागेवरून ठरतें. फाटा दिसतो, शीव दिसत नाहीं. अशा न दिसणाऱ्या जागा शोधावयाच्या कशा, त्या नकाशावर आणावयाच्या कशा, आणि त्यांविषयीं वाद असला म्हणजे तेथें राहणाऱ्या माणसांचें काय होतें, याचा विचार आज आपण करूं.

प्रथम घरचेंच उदाहरण घेऊं. आज कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याचे तालुके आहेत, म्हणून ते पहिल्यापासून तसेच असावेत असें आपण धरून चालतों. पण कुलाबा जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला तो १८६९ सालीं, आणि त्या वेळीं कर्जत मागें ठाण्याकडेच राहिला होता. पनवेल १८८३ सालीं कुलाब्याकडे आलें व कर्जत १८९१ सालीं. खालापूर हा त्या काळीं कर्जताचाच एक पेटा होता. खोपोलीहून दक्षिणेस पालीकडे निघालें, तर सुधागडाचा मुलूख भोर संस्थानाचा; म्हणजे १९४८ सालीं संस्थान विलीन होईपर्यंत या बाजूच्या गांवकऱ्यानें बहिणीला भेटण्यास पालीस जावयाचें म्हटलें तर तो इंग्रजी अमलांतून संस्थानी अमलांत जात असे. पुढें १९८१ सालीं कुलाबा हें नांवहि गेलें आणि रायगड हें आलें. शंभर-सव्वाशें वर्षांत या भागांत इतक्या रेघा पुसल्या गेल्या आणि नव्या ओढल्या गेल्या. डोंगर मात्र कोठें हलला नाहीं. सीमा ही निसर्गानें दिलेली वस्तु नसून माणसानें केलेला ठराव आहे, ही या विषयांतील पहिली गोष्ट.

यावर कोणी म्हणेल, कीं घाटमाथा ही तर निसर्गाचीच सीमा आहे! खंडाळ्याच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचे दोन वांटे होतात. पश्चिमेचें पाणी उल्हास व पाताळगंगा यांच्या मार्गानें अरबी समुद्रास मिळतें. पूर्वेचें पाणी इंद्रायणींतून भीमेस, भीमेंतून कृष्णेस आणि कृष्णेंतून पार बंगालच्या उपसागरास जातें. पाणलोटाच्या या रेषेहून चांगली सीमा कोणती? पण गंमत अशी आहे, कीं वळवण, लोणावळें आणि शिरवतें येथें धरणें बांधून टाटांच्या वीजयोजनेनें घाटमाथ्यावरचें पाणी नळांतून खालीं खोपोलीस आणलें. १९१५ पासून तें पाणी वीज निर्माण करून पाताळगंगेंत जात आहे. जें पाणी पूर्वसमुद्राकडे जावयाचें तें पश्चिमसमुद्राकडे वळलें. नकाशांतील पाणलोटाची रेघ जेथल्या तेथें आहे. पाण्यानें मात्र सीमोल्लंघन केलें आहे. तेव्हां ज्याला आपण नैसर्गिक सीमा म्हणतों तिलाहि ‘ही आमची सीमा’ असें म्हणणारा माणूस लागतोच.

आतां सीमा तयार कशी होते तें पाहूं. माझ्या समजुतीप्रमाणें प्रत्येक सीमेचीं चार रूपें असतात: शब्द, रेघ, दगड आणि वहिवाट. शब्द म्हणजे कायदा, तह, सनद किंवा अधिसूचना. ‘अमुक तालुका अमुक राज्यांत जाईल’ असें जेथें लिहिलेलें असतें तें. रेघ म्हणजे त्या शब्दाचें नकाशावरील चित्र. दगड म्हणजे ती रेघ जमिनीवर उतरवून ठेवलेली खूण. आणि वहिवाट म्हणजे तेथील लोक प्रत्यक्षांत कोणाकडे सारा भरतात, मूल कोणत्या शाळेंत घालतात, बाजार कोठें करतात आणि कोणती भाषा बोलतात, तें. ज्या सीमेचीं हीं चारी रूपें एकमेकांशीं जुळतात तिच्याविषयीं कोणी बोलतहि नाहीं. जेथें तीं जुळत नाहींत तेथें वाद उपजतो. म्हणून वादग्रस्त मुलखांत हिंडणाऱ्यानें ‘शीव कोठें आहे?’ एवढेंच विचारून भागत नाहीं. ‘या चारांपैकीं कोण कोणाशीं भांडतो आहे?’ असें विचारावें लागतें.

रेघ आणि दगड यांचें न जुळणें समजून घ्यावयाचें तर मोजणीचा इतिहास थोडा ठाऊक हवा. आपल्या मुंबई इलाख्यांत शेतवार पाहणीची पद्धत गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं १८३५ च्या सुमारास इंदापुराकडे बसविण्यास आरंभ केला आणि १८४७ च्या संयुक्त अहवालानें तिला कायमचें रूप आलें. त्या मोजणीची साखळी ३३ फुटांची. तिचे भाग १६, आणि त्यांस नांव आणे; जणूं रुपयाच तो. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. आजहि खेड्यांतला शेतकरी याच हिशेबानें बोलतो. पण साखळी लोखंडाची असली तरी ती झिजते आणि ताणली जाते. समजा, प्रत्येक साखळीमागें एक इंच चूक झाली. मैलांत १६० साखळ्या बसतात. म्हणजे मैलाच्या शेवटीं दगड आपल्या खऱ्या जागेपासून १३ फूट ४ इंच दूर जाऊन बसतो. डोंगरांत अडचण याहून मोठी. नकाशा हा आकाशांतून पाहिल्यासारखा सपाट असतो, पण साखळी पडते ती उतरणीवर. तीस अंशांच्या उतारावर शंभर फूट चाललेला माणूस नकाशावर सत्त्याऐंशी फूटच पुढें सरकलेला असतो. हा हिशेब ज्यानें केला नाहीं त्याच्या डोंगराळ गांवाची शीव शेजारच्या गांवांत शिरलीच म्हणून समजावें.

या चुका आवरण्यासाठींच त्रिकोणमापनाची पद्धत आली. विल्यम लॅम्बटन यानें १८०२ सालीं मद्रासजवळ एक पायारेषा अत्यंत काळजीनें मोजून या प्रचंड कामास प्रारंभ केला. एक बाजू मोजलेली असली आणि कोन घेतां आले, तर बाकीच्या बाजू गणितानें निघतात; साखळी ओढीत डोंगर चढावा लागत नाहीं. त्यामुळें मुख्य शिखरांच्या जागा पक्क्या झाल्या आणि त्यांच्या आधारें भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे तयार झाले. परंतु नकाशा कितीहि पक्का असो, रेघेला जाडी असतेच. मैलाला एक इंच या जुन्या प्रमाणाच्या नकाशावर इंचाचा पन्नासावा भाग जाडीची रेघ ओढली, तर जमिनीवर ती शंभर फुटांहून अधिक रुंद होते. आजच्या पन्नास हजारांस एक या प्रमाणांत अर्ध्या मिलिमीटरची रेघ पंचवीस मीटर जागा व्यापते. एखाद्या गरिबाचें घर, गोठा, परसू आणि विहीर हीं सगळीं त्या एका रेघेच्या शाईखालीं बुडून जातात. ‘माझें घर कोणत्या राज्यांत?’ असा प्रश्न त्यानें केला, तर नकाशा म्हणतो, ‘माझ्या शाईंत’.

आतां महाराष्ट्राच्या घरच्या वादाकडे वळूं. राज्यपुनर्रचनेच्या कायद्यानें १ नोव्हेंबर १९५६ रोजीं बेळगांव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, तेव्हांच्या म्हैसूर राज्यांत गेला. कारवारहि गेलें. शब्द स्पष्ट होता, रेघहि स्पष्ट होती. परंतु बेळगांव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी बोलणाऱ्या मोठ्या समाजाची वहिवाट त्या रेघेशीं जुळत नव्हती. कायदा होण्यापूर्वींच जानेवारी १९५६ मध्यें बेळगांवांत गोळीबार होऊन माणसें मेलीं होतीं. १७ जानेवारी हा दिवस तिकडे हुतात्म्यांचा म्हणून पाळला जातो. जून १९५७ मध्यें मुंबई सरकारनें केंद्राकडे निवेदन देऊन आपली मागणी मांडली. पुढें महाराष्ट्र राज्यानें तीच ८१४ गांवांची म्हणून चालविली, आणि नंतरच्या काळांत ८६५ गांवें असा आंकडा पुढें आला.

ही मागणी कोणत्या तत्त्वावर उभी होती, तें लक्षांत घेण्यासारखें आहे. आंध्र व मद्रास या राज्यांतील सीमेचा तंटा हरि विनायक पाटसकर यांनीं मिटविला होता आणि त्यावरून १९५९ सालीं कायदाहि झाला. त्यांनीं वापरलेलीं तत्त्वें साधीं होतीं: खेडें हा घटक धरावा, त्यांतील बहुसंख्यांची भाषा पाहावी, आणि त्या भाषेच्या मुलखाशीं तें खेडें लागून असावें. याला लोकेच्छेचीहि जोड द्यावी असें महाराष्ट्राचें म्हणणें. कर्नाटकाचें म्हणणें निराळें. १९५६ ची व्यवस्था हीच अंतिम. एकदां तालुका-जिल्ह्यांच्या धोरणानें ओढलेली रेघ खेड्याखेड्यानें उसवूं लागलें, तर देशांतील कोणतीच सीमा शिल्लक राहणार नाहीं. दोन्ही म्हणण्यांत विचार आहे, हें आपण शांतपणें मान्य केलें पाहिजे. मोठा घटक धरला तर कडेवरचीं माणसें चुकीच्या बाजूस पडतात. लहान घटक धरला तर रेघ इतकी नागमोडी होते कीं, तिच्यावर कारभार करणें कठीण जातें.

सेनापति बापटांच्या उपोषणानंतर, ऑक्टोबर १९६६ मध्यें, माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १९६७ सालीं आला. निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गांवें महाराष्ट्रास द्यावीं. दक्षिण सोलापूर व अक्कलकोट भागांतील गांवांसह २४७ गांवें म्हैसुरास द्यावीं. आणि बेळगांव शहर आहे तेथेंच ठेवावें, असा त्याचा अभिप्राय होता. महाराष्ट्रानें तो नाकारला. २००४ सालीं महाराष्ट्रानें सर्वोच्च न्यायालयांत दावा लावला. म्हणजे ज्या मुलानें १९५६ सालीं बेळगांवांत पाटी-पेन्सिल हातीं घेतली, तो दावा लागला त्या वेळीं पन्नाशी ओलांडून गेलेला होता.

या सीमेवर प्रत्यक्ष जाऊन पाहणाऱ्यास काय दिसतें? पुण्याहून बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कागल सोडून दूधगंगेपलीकडे गेलें कीं कोगनोळी येते. पाट्यांची लिपी बदलते, वाहनांच्या क्रमांकांवरील अक्षरें बदलतात, नाक्यावर पोलीस असतात. येथें सीमा मिरवते. पण बेळगांवाहून वेंगुर्ल्याच्या वाटेनें गेलें तर बाची कर्नाटकांत आणि त्याला लागूनच शिनोळी महाराष्ट्रांत, चंदगड तालुक्यांत. तेथें सीमा लाजते. दोन्हीकडे तेंच भाताचें शेत, तीच बोली, आणि बाजारासाठीं दोघांचाहि रस्ता बेळगांवकडेच. शिनोळीच्या माणसाची बाजारपेठ परराज्यांत आहे. बाचीच्या माणसाची भाषा परराज्याची राजभाषा आहे. बेळगांवजवळच्या येळ्ळूर गांवाच्या वेशीवर तर लोकांनीं ‘महाराष्ट्र राज्य’ असा फलक लावून ठेवला होता. तो २०१४ सालीं पाडण्यांत आला तेव्हां ग्रामस्थ आणि पोलीस यांच्यांत मोठा संघर्ष झाला. नकाशा करणाऱ्यानें त्या फलकाची नोंद कशी करावयाची? सीमेचा दगड म्हणून नव्हे, कारण सीमा तेथें नाहीं. पण नोंद न करणें हेंहि खोटेंच. कारण त्या जागीं एका गांवाची इच्छा उभी होती, आणि ती अनेकांनीं डोळ्यांनीं पाहिली होती.

दुसरें उदाहरण विदर्भाच्या दक्षिण टोकाचें. चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यांत, डोंगरपठारावर, परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, शंकरलोधी, अंतापूर, येसापूर इत्यादि चौदा गांवें आहेत. राजुरा तालुका हा जुन्या हैदराबाद संस्थानाच्या आदिलाबाद जिल्ह्यांतील. १९५६ सालीं तो मुंबई राज्याकडे आला. पठारावर रेघ नेमकी कोठून गेली याविषयीं पलीकडच्या आंध्र प्रदेशाचा आणि २०१४ नंतर तेलंगणाचा दावा निराळा राहिला. मध्यंतरीं मराठवाड्यांतून दुष्काळाला कंटाळून आलेलीं कुटुंबें तेथें वसलीं. त्यांनीं रान मोकळें केलें, ज्वारी-कापूस लावला. आणि मग दोन्ही सरकारें तेथें पोंचलीं. एका गांवांत मराठी शाळा आणि तेलुगु शाळा. एका गांवाला दोन-दोन ग्रामपंचायती आणि दोन सरपंच. एका माणसाच्या खिशांत दोन राज्यांच्या शिधापत्रिका आणि दोन मतदार-ओळखपत्रें. निवडणूक आली कीं माणसें दोन्हीकडे मत देऊन येत.

ऐकणाऱ्यास ही चैन वाटते. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही आपली म्हण मात्र येथें विसरतां कामा नये. धान्य दोन्हीकडून आलें तरी जमीन कोणाकडूनच धडपणें नांवावर होत नाहीं. ज्या शेतांत आयुष्य गेलें त्याचा निर्विवाद कागद नाहीं. कागद नाहीं म्हणून बँकेचें कर्ज नाहीं, पिकाची नुकसानभरपाई मागावयाची तर अडचण. मुलाचें शिक्षण मराठींत करावें कीं तेलुगूंत, हें ठरवितांना बाप वस्तुतः आपला मुलगा कोणत्या राज्यांत नोकरी मागणार याचा जुगार खेळत असतो. बेळगांवांत शब्द, रेघ आणि दगड एका बाजूस, वहिवाट दुसऱ्या बाजूस. जिवतीच्या पठारावर वहिवाटच दुहेरी.

तिसरें उदाहरण दादरा आणि नगरहवेलीचें. हा मुलूख आपल्या ठाण्याच्या उत्तरेस. पोर्तुगीजांना तो मिळाला पेशव्यांशीं झालेल्या १७७९ च्या तहानें व त्यापुढील फर्मानांनीं. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्यें तो मुक्त झाला. त्या कार्यांत गायक सुधीर फडके यांच्यासारखे मराठी तरुण होते. पोर्तुगालनें हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयांत भारतावर फिर्याद केली: किनाऱ्यावरच्या दमणपासून या आंतल्या तुकड्यांपर्यंत जाण्याचा आम्हांस हक्क आहे. तेव्हां युरोपांतील न्यायाधीशांपुढें प्रश्न उभा राहिला कीं, पेशव्यांनीं दिलें तें काय दिलें? राज्य दिलें, कीं केवळ वसूल घेण्याचा सरंजाम दिला? न्यायालयानें १२ एप्रिल १९६० रोजीं निर्णय दिला. मराठ्यांनीं दिला तो सरंजामासारखा वसुलाचा हक्क होता, सार्वभौमत्व नव्हे. परंतु पुढें इंग्रजांनीं पोर्तुगीजांचा अंमल प्रत्यक्षांत मान्य करून टाकला होता. म्हणून खाजगी माणसें, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या येण्याजाण्याचा हक्क होता, फौजेचा व हत्यारांचा नव्हता. आणि भारतानें आपल्या कर्तव्याचा भंग केला नाहीं. पुण्यांत लिहिल्या गेलेल्या सनदेंतील एका शब्दाचा अर्थ पावणेदोनशें वर्षांनीं हेगला लावला गेला. सीमेच्या बाबतींत कोणताहि शब्द मरत नाहीं, तो झोंपतो एवढेंच.

अशीच कहाणी पूर्वेकडे कुचबिहारची. तेथें भारताचे १११ तुकडे बांगलादेशाच्या पोटांत आणि बांगलादेशाचे ५१ तुकडे भारताच्या पोटांत अडकून पडले होते. तेथील हजारों माणसें नकाशावर एका देशाचीं. पण त्या देशाची शाळा, दवाखाना, पोलीस यांपैकीं कांहींहि त्यांच्यापर्यंत पोंचत नव्हतें, कारण वाटेंत दुसरा देश होता. १९७४ सालीं करार झाला. प्रत्यक्ष अदलाबदल ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्रीं झाली. एक्केचाळीस वर्षें! या अदलाबदलीचें काम कोणाच्या भाषणानें झालें नाहीं. गांवोगांव जाऊन, शीव पाहून, माणसें मोजून, ‘तुम्हांस कोणत्या देशांत राहावयाचें?’ असें घरोघर विचारून तें पार पडलें.

येथें आपल्या विषयाचें मर्म आहे. वादग्रस्त मुलखांतल्या आडवळणाच्या जागा जाऊन पाहणें आणि त्या नकाशावर मांडणें हें रिकामटेकड्याचें कौतुक नव्हे. जेव्हां केव्हां निवाड्याची वेळ येते तेव्हां पुरावा लागतो. आणि दगड बुजलेले असतात, नाल्यांनीं पात्र बदललेलें असतें, शीव ठाऊक असलेले म्हातारे देवाघरीं गेलेले असतात. शिवेवरचा म्हसोबा कोणत्या दोन गांवांच्या मधला, हें सांगणारी शेवटची म्हातारी गेली म्हणजे एक दस्तऐवजच जळाला असें समजावें.

हें काम आतां सामान्य माणसाच्या आवांक्यांत आलें आहे. खिशांतल्या फोनला उपग्रहांचे संदेश मिळतात, आणि मोकळ्या आकाशाखालीं तो आपली जागा पांच-सहा मीटरांच्या फरकानें सांगतो. दाट झाडींत किंवा घळींत ही चूक वाढते. २०२१ सालीं भारत सरकारनें नकाशांविषयींचे निर्बंधहि बरेच सैल केले. जगभरचे स्वयंसेवक मिळून खुले नकाशे तयार करितात. त्यांचा एक नियम असा कीं, वादग्रस्त ठिकाणीं जमिनीवर प्रत्यक्ष ज्याचा अंमल असेल त्याप्रमाणें रेघ दाखवावी. नियम समंजस आहे. पण जिवतीच्या पठारावर अंमलच दोघांचा आहे. तेथें हा नियम मुका होतो. आणि येळ्ळुरास तो नियम खरी गोष्ट सांगतो, पण सगळी सांगत नाहीं.

म्हणून अशा जागीं जाणाऱ्यानें कांहीं पथ्यें पाळावीं. निघण्यापूर्वीं दोन्ही बाजूंचे गांवनकाशे आणि सर्वेक्षण विभागाचा नकाशा पाहावा. तीन गांवांच्या शिवा जेथें मिळतात तो दगड आधीं शोधावा, कारण एका गांवाची चूक बाकीच्या दोघांच्या ध्यानांत येण्याची तेथें अधिक शक्यता असते. दगड सांपडला तर त्याला हात लावूं नये. सीमेची खूण हलविणें हा गुन्हा आहे आणि पुराव्याचा नाशहि. जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख, दगडाची स्थिति आणि भोंवतालच्या खुणा लिहून घ्याव्या. गांवाचें नांव तेथील लोक ज्या-ज्या भाषांत उच्चारतात त्या सगळ्या भाषांत टिपावें. बेळगांव आणि बेळगावी यांतलें एकच लिहिणारा माणूस नोंद करीत नाहीं, पक्ष घेतो. दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्यांना वेगवेगळें विचारावें. आणि सर्वांत महत्त्वाचें, पाहिलेलें, ऐकलेलें आणि स्वतःस वाटलेलें हीं तीन वेगवेगळ्या रकान्यांत ठेवावीं. नकाशा करणारा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाहीं. साक्षीदारानें निकाल देऊं नये; पण साक्ष देण्याचें टाळूंहि नये.

सीमेविषयीं आपल्या पूर्वजांना निदान एक गोष्ट समजली होती. वर्षांतून एकदां, दसऱ्याच्या दिवशीं, सारा गांव वाजतगाजत शिवेपर्यंत जाई, सीमोल्लंघन करी आणि आपट्याचीं पानें घेऊन परत येई. त्या निमित्तानें लहान मुलांना गांवाची हद्द पायांखालून कळत असे. वडील मंडळी बोट दाखवून सांगत, ‘हा आपला शेवटचा दगड.’ आतां सोनें घरच्या घरीं वांटलें जातें आणि शेवटचा दगड कोठें आहे हें घरांत कोणालाच ठाऊक नसतें.

पुढच्या खेपेस शिळफाट्यावर गाडी थांबली तर क्षणभर घाटाकडे पाहा. त्या माथ्यावरच्या रेघेवरून आज कोणी भांडत नाहीं, हें आपलें भाग्य. परंतु बाचीच्या, परमडोलीच्या माणसाला रोज सकाळीं उठून ज्या रेघेचा हिशेब करावा लागतो ती याच रेघेची सख्खी बहीण आहे. तिच्या एका बाजूस त्याची भाषा, एका बाजूस त्याची भाकरी, आणि मधोमध त्याचें दार. रेघ कोठें जावी हें ठरविणारे ठरवोत. तें दार नकाशावर दिसलें पाहिजे, एवढें तरी आपण करूं शकतों.